औषधाच्या बाटलीमागची जनावरं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं भाषण)



समोर गणपती बसला आहे, त्याच्या पायाशी लाडू धरून उंदीर बसला आहे, आणि आज आम्हाला उंदरांवरच बोलायचं आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. विषय ठरला तेव्हा एका काकांनी विचारलंही, सणासुदीला हे कशाला? पण प्रश्न निघाला तो मंडळाच्याच बैठकीत. आमच्या एका जैन स्नेह्यांनी विचारलं होतं, की जनावराचे हाल करून तयार झालेलं औषध आपण घेतलं, तर त्या हिंसेत आपला वाटा किती? चहा गार झाला तरी उत्तर निघेना. शेवटी हे काम आमच्या गळ्यात पडलं, कारण आम्ही सरकारी दवाखान्याच्या औषधखोलीत बसणारे.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नव्हे, संशोधक तर नव्हेच. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत वीस-बावीस वर्षं काढलेली माणसं. आलेल्या मालाचा बॅच नंबर उतरवायचा, मुदतीची तारीख बघायची, लसीच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, हे आमचं काम. त्या फ्रीजमध्ये येणाऱ्या बहुतेक बाटल्यांमागं कुठलं ना कुठलं जनावर असतं. ते रोज हाताळत असल्यामुळं काही गोष्टी जवळून कळल्या, त्या सांगतो.

बेळगावकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत आपण फिरायला जातो, झाडांखाली बसतो, मुलं क्रिकेट खेळतात. नावाकडं कुणाचं लक्ष जात नाही. तिथं देवीची लस तयार व्हायची. ही लस करण्याची रीत अशी होती: वासराच्या अंगावरचे केस काढायचे, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यात लसीचं बी चोळायचं, चार-पाच दिवसांनी फोड भरून आले की ते खरवडायचे आणि ग्लिसरीनमध्ये घोटून कुपीत भरायचे. आपल्या भाषेत फोडातून, जखमेतून निघणाऱ्या पातळ द्रवालाच लस म्हणतात. इंग्रजीतल्या व्हॅक्सिनच्या पोटातही लॅटिनमधली गाय आहे. साठीपुढच्या मंडळींनी आपल्या दंडावरून हात फिरवून बघावा. ती खूण वासराकडून आलेली आहे. 1975 च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं.

त्याच टिळकवाडीत 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधीजी अध्यक्ष होते, हे इथल्या शाळकरी पोराला माहीत आहे. गांधीजींचा देवीच्या लसीला विरोध होता, आणि त्यातलं एक कारण वासराचे हाल हेच होतं. जिवंत जनावरांची चिरफाड करून केलेल्या प्रयोगांवर तर त्यांनी फार कडक लिहिलं आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. पुढं 1926 साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं साठ भटकी कुत्री मारवली, शहरात गहजब झाला, तेव्हा पिसाळणाऱ्या कुत्र्यांच्या धोक्याकडं बोट दाखवून गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्याची बाजू घेतली. हे आम्ही गांधीजींना कोंडीत धरायला सांगत नाही. अहिंसेचा एवढा विचार केलेल्या माणसालाही हा प्रश्न एका सूत्रात बसवता आला नाही, जागोजागी वेगळं बघावं लागलं, एवढंच दाखवायचं आहे. आम्हालाही आज तसंच करायचं आहे.

जनावर औषधाच्या कामी दोन तऱ्हांनी येतं. एक, औषधच त्याच्या अंगात तयार होतं, जशी ही लस. दुसरी, तयार झालेलं औषध माणसाला देण्याआधी त्याच्यावर तपासून बघतात. वाद बहुधा दुसऱ्या तऱ्हेवर होतो. पण आमच्याकडच्या दोन बाटल्यांत या दोन्ही तऱ्हा एकत्र सापडतात. कुत्रं चावल्यावरची लस आणि साप चावल्यावरचं औषध.

आधी कुत्र्याचं. 'पोटात चौदा इंजेक्शनं' हे शब्द ऐकून लहानपणी ज्यांची गाळण उडाली नाही असे इथं थोडेच असतील. ती लस मूळ कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांची, 1911 सालची. आपल्याकडं ती मेंढीच्या मेंदूपासून करत. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू टोचायचा, ती आजारी पडली की मारायची, मेंदू घोटून त्यातला विषाणू रसायनानं मारायचा. लसीत मेंदूचा अंश राहायचा, त्यानं क्वचित एखाद्याचे हातपाय लुळे पडायचे. मेंढी मरायची ती मरायचीच, वर माणसालाही धोका. तरी ती लस जवळजवळ शतकभर चालली, कारण रेबीजची लक्षणं दिसली की मरण ठरलेलं, आणि गरिबाला परवडणारी दुसरी लस नव्हती. 2005 च्या सुमारास ती भारतात बंद झाली. आता आम्ही जी देतो ती पेशींमध्ये वाढवलेली. त्यातल्या व्हेरो नावाच्या पेशी 1962 साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या आणि त्यांचीच वंशावळ अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. एका माकडामागं किती मेंढ्या सुटल्या असतील, तुम्हीच कल्पना करा.

मेंढी सुटली, उंदीर मात्र अडकून राहिला. लसीची ताकद बघायची जुनी तपासणी अशी: उंदरांना वेगवेगळ्या प्रमाणात लस द्यायची, आठवड्यानं पुन्हा द्यायची, आणि पहिल्या सुईपासून चौदाव्या दिवशी त्यांच्या मेंदूत जिवंत विषाणू टोचायचा. मग आणखी चौदा दिवस कोण जगतं, कोण मरतं ते मोजत बसायचं. एका तपासणीला शंभरावर उंदीर आणि चार आठवडे. जे मरतात ते रेबीजनं मरतात. हे सगळं कशासाठी, तर एका मात्रेत निदान 2.5 आंतरराष्ट्रीय एकक ताकद आहे की नाही हे ठरवण्यासाठी. एवढं करून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नाही, ही तज्ज्ञांची फार जुनी तक्रार आहे. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन ताटलीत मोजून ताकद ठरवण्याची रीत आता आली आहे आणि जग हळूहळू तिच्याकडं वळतं आहे. आमच्या मते इथं उंदराची बाजू खरी. दुसरा रस्ता आहे, तो जास्त भरवशाचा आहे, आणि तरी कागदावर जुनी पद्धत लिहिलेली आहे म्हणून उंदीर मारत राहायचं, याला कुठलाच आधार नाही. सरकारी नोकरीत असल्यामुळं कागदावरची जुनी पद्धत बदलायला किती वर्षं लागतात याचा आम्हाला चांगला अंदाज आहे.

सापाचं प्रकरण वेगळं. इथं जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण बेळगाव, खानापूरच्या बाजूला भातशेती, ऊस आणि रान एकमेकांना लागून आहे आणि पावसाळ्यात आमच्याकडं साप चावलेली माणसं येतच असतात. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज संशोधकांनी काढला आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी.

औषध कसं होतं बघा. तमिळनाडूत महाबलीपुरमजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, 1978 पासूनची. ही माणसं पूर्वी कातड्यासाठी साप धरायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो धंदा बुडाला. आता ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं धरून आणतात, काही आठवडे मडक्यात ठेवून विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. हे विष अगदी थोड्यापासून सुरू करून चढत्या मात्रेनं घोड्याला टोचतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात विषाला मारक प्रतिद्रव्यं साठतात. मग रक्त काढायचं, वरचा पिवळा द्रव औषधासाठी ठेवायचा आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्याच्या अंगात सोडायच्या. मुंबईच्या हाफकिनचे घोडे पिंपरीला असतात, पुण्याकडच्या नातेवाइकांना विचारा. घोड्याचा जीव जात नाही, पण तो सुखात असतो असंही नाही. देशातल्या काही उत्पादकांकडं तपासणी झाली तेव्हा अशक्त, लंगडणारे, जखमा झालेले घोडे आढळले होते. ज्याच्या रक्तावर आपला धंदा चालतो त्याला पोटभर वैरण आणि वेळेवर विश्रांती देता येत नसेल, तर तिथं विज्ञानाचा काही प्रश्न नाही, सरळ कंजूषपणा आहे.

आता उंदीर. प्रत्येक बॅचचं औषध मोजलेल्या विषात मिसळून उंदरांना टोचतात आणि किती जगले ते मोजतात. आपल्याकडचं प्रमाण असं, की एक मिलिलिटर औषधानं नागाचं आणि घोणसचं 0.6 मिलिग्रॅम, मण्यारचं आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे. हे आकडे आमच्या डोक्यात पक्के, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर. बाटली 10 मिलिलिटरची. म्हणजे एका बाटलीत घोणसचं 6 मिलिग्रॅम विष मरतं. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात. भागाकार करा. म्हणूनच विष चढल्याची लक्षणं दिसली की पहिल्याच फटक्यात आठ-दहा बाटल्या सलाइनमधून द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. उंदरांवरची ती तपासणी काढून टाकली तर हा भागाकार कशावर मांडायचा? ताटलीतल्या चाचण्यांवर काम चाललेलं आहे, पण पेशंटच्या जिवाची हमी देण्याइतकी उंदराची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही. म्हणून इथं आम्ही उंदराच्या विरुद्ध मत देतो, आणि ते खाली मान घालून देतो.

अर्थात हीच तपासणी कुठं तोकडी पडते तेही ऐका. उंदीर फक्त तेवढंच सांगतो जेवढं त्याला विचारलं. विष बहुतांशी तमिळनाडूतल्या सापांचं, त्याच विषानं उंदराची परीक्षा, तीत औषध पास. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणं बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 साली दाखवून दिलं, की देशाच्या इतर भागांतल्या काही सापांच्या विषावर हे औषध फार कमी चालतं. आपल्या घाटातल्या चापड्याचं विष तर त्यात धरलेलंच नाही. म्हणजे चूक उंदराची नाही, प्रश्न विचारणाऱ्याची आहे. 2024 साली त्याच संस्थेच्या मंडळींनी परदेशी संशोधकांबरोबर घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत, नाग-मण्यारच्या जातीच्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्य तयार केल्याचं जाहीर केलं. उद्या घोडा सुटेल अशी आशा त्यातून दिसते. मात्र त्याची परीक्षाही शेवटी उंदरांवरच झाली.

जनावरावर पास झालेलं माणसावरही पास होतं का? नेहमी नाही. 2006 साली लंडनमध्ये एका नव्या औषधाची सहा निरोगी तरुणांवर पहिली चाचणी झाली. माकडांना शेकडो पट जास्त मात्रा देऊनही काही झालं नव्हतं. ते सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात गेले. थॅलिडोमाइडची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. 1957 पासून ते झोपेचं निर्धोक औषध म्हणून युरोपात विकलं गेलं आणि हजारो बाळं हातापायांशिवाय जन्मली. गाभण जनावरांवर ते आधी नीट तपासलेलंच नव्हतं. पुढं तपासलं तेव्हा सशांच्या पिलांत व्यंग दिसलं, उंदरांत फारसं दिसलं नाही. म्हणजे कुठलं जनावर निवडलं यावर उत्तर बदलतं. जनावरांवरचे प्रयोग निरुपयोगी म्हणणारे आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही म्हणणारे, दोघंही या एकाच गोष्टीचा दाखला देतात!

तिसरं उदाहरण आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याचं. 1937 साली अमेरिकेत सल्फाचं पातळ औषध डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं. चवीची, वासाची परीक्षा झाली, जनावरावर विषारीपणाची झाली नाही. शंभरावर माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. दुसऱ्या वर्षी तिथं कायदा झाला, की औषध निर्धोक असल्याचं दाखवल्याशिवाय विकायचं नाही. जनावरांवरच्या तपासणीचा पाया असा मुलांच्या मरणावर घातला गेला. बरं, त्यानंतर हे विष काय करतं ते जगाला कळलं. तरी 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीननं 14 रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या औषधानं गेली. त्या बाटलीत डायइथिलिन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं. चालण्याजोगी मर्यादा आहे 0.1 टक्का. इथं आणखी हजार उंदीर मारून काय मिळणार होतं? हवी होती ती कच्च्या मालाच्या पिंपातला थेंब तपासणारी साधी रासायनिक चाचणी, आणि ती झाल्याशिवाय सही न करणारा माणूस. जे 1937 साली जनावरांनी आणि माणसांनी जीव देऊन शिकवलं, ते आपण वापरलंच नाही. आम्हाला उंदरांच्या मरणापेक्षा हे जास्त खटकतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा 1960 चा कायदा आला. प्रयोगांना त्यात मुभा आहे, पण देखरेखीची समिती आहे, 1998 चे नियम आहेत. सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवर चाचणी 2014 पासून आपल्याकडं बंद आहे. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यात काही घालावं याचं समर्थन कुणीच करणार नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. 2023 साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन जनावराऐवजी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धती मान्य झाल्या. कागद बदलला आहे. आता प्रयोगशाळा उभ्या राहायला पैसा आणि शिकलेले हात लागतील. आपल्या पोरांपैकी कुणी त्या बाजूला गेलं तर बरं.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडं. वाटा आहे का? आहे. बाटली घेणाऱ्याचा आहे आणि देणाऱ्या आमचाही आहे. 'आम्ही मारलं नाही, कंपनीनं मारलं' असं म्हणून सुटता येत नाही. पण तो वाटा बाटली नाकारून फिटतो असं आम्हाला वाटत नाही. घोड्याचं रक्त काढून झालेलं असतं, उंदीर मरून झालेले असतात. पुढं त्या बाटलीचं काय होतं, ते आपल्या हातात असतं.

दोन पावसाळ्यांमागं एका खेड्यातून तिशीचा गडी आणला, पायाला घोणस चावलेली. चावून सहा तास झालेले. आधी देवळात नेलं होतं, मग मंत्र घालणाऱ्याकडं, मग आमच्याकडं. काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं, वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलं नाही. दहा बाटल्या लागल्या, नंतर आणखी लागल्या. तरी मूत्रपिंडं बसलीच, शहरात पाठवून कित्येक वेळा डायलिसिस करावं लागलं. वाचला, पण शेत विकून. सापाच्या विषापासून घोड्याच्या रक्तापर्यंत सगळं वेळेवर तयार होऊन आमच्या कपाटात पडून होतं. सहा तास आपल्या माणसांनी घालवले.

याच्या उलटंही होतं. धामण चावलेली असते, दात नुसते टेकलेले असतात, विषाचं एक लक्षण नसतं, पण नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर जातात की बाटली लावाच. नळीतलं रक्त वीस मिनिटांत घट्ट गोठलेलं समोर दिसत असतं. गोंधळाला भिऊन कुणी बाटल्या लावल्याच, तर त्या गेल्या वाया, वर घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी होऊन जिवाशी गाठ पडू शकते ती वेगळीच. आणि त्याच रात्री खरा विष चढलेला पेशंट आला, तर कपाट रिकामं.

कुत्र्याच्या लसीचं असंच. दंडात त्वचेखाली न देता त्वचेतच, दोन जागी थोडी थोडी द्यायची आताची पद्धत आहे. कुत्रं चावलं त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी. चावल्यावर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, हे आजीबाईंनी विशेष ऐकावं. आणि आपल्या गल्लीतल्या ज्या कुत्र्याला आपण रोज पोळी घालतो, त्याला वर्षातून एकदा लस टोचून घेतली, तर तो स्वतः सुटतो, आपली पोरं सुटतात, आणि प्रयोगशाळेतला उंदीरही थोडा सुटतो.

आमच्या वहीत तिसऱ्या सुईनंतर तोंड न दाखवलेल्यांची नावं आहेत. नावं वाचून दाखवणार नाही, तो आमच्या नोकरीचा नियम आहे. पण त्यातले तिघं-चौघं आपल्याच गल्लीतले आहेत आणि आज समोर बसलेले दिसताहेत. 28 वा दिवस टळून गेला असला तरी उद्या सकाळी दवाखान्यात या, नऊ वाजता खिडकी उघडते. आरतीची वेळ झाली, थांबतो.